उत्सव उदंड, वार्ता दुर्मीळ

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत निघणारी नववर्ष स्वागतयात्रा आता साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झाली आहे. १९९९ मध्ये तेथील श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने ती प्रथम निघाली आणि काही वर्षांतच ठाणे, गिरगाव व पुढे राज्यातील अनेक शहरे यांनी तिचे अनुकरण केले. दिवाळीच्या पहिल्या सकाळी फडके रस्त्यावर लोटणारी तरुण-तरुणींची गर्दी ही याच गावाची दुसरी ओळख. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेही येथेच. याखेरीज व्याख्यानमाला, संगीतसभा, पुस्तकांची देवघेव, एकांकिका, गणेशोत्सवातील स्पर्धा, ज्ञातिसंस्थांचे गुणगौरव समारंभ हे सारे वर्षभर अखंड चालू असते. कार्यक्रमांच्या बाबतीत हे उपनगर दरिद्री आहे, असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही.

याच उपनगरात २३ मे २०२४ रोजी भर दुपारी औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. कित्येक कामगारांचे प्राण गेले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि धुराचे लोट घरांवरून जाऊ लागले. त्या दुपारी रहिवाशांना जे प्रश्न पडले ते अगदी साधे होते. त्या कारखान्यात काय बनत होते? हा धूर विषारी आहे काय? खिडक्या लावून घरात बसावे की मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे? शेजारचा कारखाना सुरक्षित आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वस्तीतील सामान्य माणसाला ठाऊक नव्हते. स्वागतयात्रा कोणत्या चौकातून कोणत्या चौकाकडे वळते हे ज्या गावाला तोंडपाठ आहे, त्याच गावाला आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर कोणते रसायन साठविले आहे हे माहीत नसावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपल्या उपनगरांत कार्यक्रम पुष्कळ आहेत, वार्ता नाही. येथे वार्ता या शब्दाने दिल्ली-मुंबईच्या घडामोडी अभिप्रेत नाहीत, त्या तर दिवसाचे चोवीस तास कानांवर आदळतच असतात. आपल्या रस्त्याची, आपल्या प्रभागाची, आपल्या शेजाराची विश्वसनीय आणि वेळेवर मिळणारी माहिती, असा तिचा येथे अर्थ आहे. उत्सवाने माणसे एका दिवसापुरती एकत्र येतात. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांना नागरिक म्हणून एकत्र ठेवण्याचे काम ही वार्ता करते, आणि तिच्या अभावी काय घडते याची किंमत गेल्या दहा वर्षांत डोंबिवलीने अनेकदा मोजली आहे.

दिवसा रिकामे होणारे गाव

हा अभाव का निर्माण झाला हे समजण्यासाठी उपनगराच्या जीवनक्रमाकडे पाहिले पाहिजे. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि कालांतराने त्याच्या दुतर्फा वस्ती वाढू लागली. मुंबईत नोकरी, परंतु तेथील जागा परवडत नाही, अशा मध्यमवर्गीयाने डोंबिवलीची वाट धरली. प्रशासनाच्या दृष्टीने डोंबिवली मुंबईचे उपनगर नाही. कल्याण-डोंबिवली ही १९८३ पासूनची स्वतंत्र महापालिका आहे. परंतु तिचे घड्याळ मुंबईच्या कचेऱ्यांवर लावलेले असते. सकाळी सहा-सातच्या गाडीने निघालेला माणूस रात्री आठ-नऊला परततो. महापालिकेचे प्रभाग कार्यालय मात्र नेमके याच माणसाच्या अनुपस्थितीत उघडे असते. कराची आकारणी, नळजोडणीची तक्रार, शेजारी उठणाऱ्या इमारतीची परवानगी यांपैकी काहीही पाहायचे तर त्याला एक दिवसाची रजा टाकावी लागते. रजेचे दिवस आधीच आजारपण, लग्नकार्ये आणि गावाकडची कामे यांत वाटले गेलेले असतात. परिणामी आपल्या वस्तीत काय चालले आहे हे पाहण्याचे काम तो दुसऱ्या कोणावर तरी सोपवून मोकळा होतो, आणि तो दुसरा कोणी बहुधा कंत्राटदार असतो.

पूर्वीही माणसे याच गाड्यांनी जात-येत होती. तरीसुद्धा वस्तीची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या काही वाटा होत्या. चौकातील वार्ताफलक ही त्यांपैकी सर्वांत साधी. काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले चार-सहा मजकूर: उद्या सकाळी पाणी येणार नाही, अमुक यांचे निधन झाले, अंत्ययात्रा इतक्या वाजता, शाळेच्या पटांगणावर अमुक वक्त्यांचे व्याख्यान, हरवलेल्या मुलाचे वर्णन. वाचनालयाच्या दाराशी, देवळाच्या प्रांगणात, राजकीय पक्षाच्या शाखेबाहेर असे फलक असत. स्थानिक साप्ताहिके निघत. त्यांची छपाई सुमार आणि आर्थिक स्थिती नेहमीच नाजूक असे. परंतु नगरपालिकेच्या सभेत कोणत्या ठरावावर कोण काय बोलले, हे त्यांत वाचायला मिळे. गाडीच्या ठराविक डब्यातील ठराविक मंडळी या मजकुरावर खल करीत आणि तो संध्याकाळपर्यंत घरोघर जाई.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा येथे उद्देश नाही. फलकावरील मजकूर अनेकदा पक्षीय असे, साप्ताहिके जाहिरातदारांच्या मर्जीवर चालत, आणि ज्यांची वस्ती रुळांच्या पलीकडच्या चाळींत त्यांच्या व्यथा क्वचितच छापल्या जात. परंतु या साऱ्या साधनांना एक गुण होता. मजकूर कोणी लिहिला हे सर्वांना ठाऊक असे. तो चुकीचा निघाला तर दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्याला त्याच चौकातून जायचे असे, आणि लोक त्याला जाब विचारीत.

आज त्या फळ्याची जागा छापील फलकांनी घेतली आहे. चौकाचौकांत, उड्डाणपुलांच्या कठड्यांवर, विजेच्या खांबांवर वाढदिवसांच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, सणांचे सहर्ष स्वागत आणि त्याखाली चेहऱ्यांच्या रांगा दिसतात. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निर्णय दिला, तरी हे पीक पुरते नष्ट झालेले नाही. त्यांच्या विद्रूपतेची चर्चा पुष्कळ होते. त्यापेक्षा गंभीर बाब अशी की, पूर्वी जेथे वस्ती स्वतःविषयी काही वाचत असे, ती जागाच या फलकांनी बळकावली आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस कधी आहे हे त्यावरून कळते; त्याच चौकातील गटाराचे काम कोणाला, किती रकमेला आणि किती मुदतीत दिले आहे हे कळत नाही.

भ्रमणध्वनीवरील समूहांनी ही उणीव भरून काढली आहे, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे आहे. इमारतीत पाणी कधी येणार, गाड्या कुठे खोळंबल्या आहेत, कोणाला तातडीने रक्त हवे आहे, हे त्या मार्गाने झटपट समजते. परंतु २०२४ च्या स्फोटासारख्या प्रसंगी या साधनाची मर्यादाही दिसते. अशा वेळी खरी बातमी आणि अफवा एकाच वेगाने, एकाच वेषात घरात शिरतात. मूळ मजकूर कोणाचा हे पत्ता लागू न देता तो पुढे पाठविला जातो. शिवाय एका गृहसंस्थेचा समूह दुसऱ्या गृहसंस्थेला बंद असतो. रस्ता मात्र दोघांचाही एकच असतो.

कागदावर असलेली माहिती

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या माहितीच्या अभावी लोकांनी प्राण वा पैसा गमावला, ती माहिती अस्तित्वातच नव्हती असे नाही. ती कोणत्या ना कोणत्या दप्तरात नोंदलेली होती. तेथून ती रस्त्यापर्यंत आली नाही, एवढेच.

कारखान्यांचाच प्रश्न घेऊ. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखानदारावर एक स्पष्ट बंधन घातले. आपल्या कारखान्यातील धोके, आरोग्यावर होऊ शकणारे परिणाम आणि त्यांवरील उपाय यांची माहिती त्याने कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील सर्वसामान्य जनतेलाही दिली पाहिजे, असे ते बंधन होते. १९४८ च्या त्या अधिनियमाची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. माहिती उघड करण्याचे बंधन तिच्यातही ठेवलेले आहे. म्हणजे शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या गृहिणीला ही माहिती मिळणे हा तिच्यावरील उपकार नाही, तो कायद्याने मान्य केलेला तिचा हक्क आहे. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतील दुसऱ्या एका कारखान्यात भीषण स्फोट झाला तेव्हा हे बंधन तीस वर्षांचे होत आले होते. त्या स्फोटानंतर चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल हाती यावा म्हणून रहिवाशांना माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. आठ वर्षांनी त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट झाला आणि तीन आठवडे उलटायच्या आत आणखी एका कारखान्याला आग लागली. घातक कारखाने अन्यत्र हलविण्याच्या घोषणा झाल्या. परंतु ते हलेपर्यंत शेजारी राहणाऱ्यांनी काय जाणून घ्यावे आणि प्रसंग आल्यास काय करावे, हे सांगणारा एक साधा फलकसुद्धा चौकात लागू नये, यात कोणती प्रशासकीय अडचण आहे?

मधल्या काळातील सूचनाही काही कमी नव्हत्या. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरव्या रंगाचा पाऊस पडल्याने खळबळ उडाली होती. २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक विभागातील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला आणि तो पाहण्यासाठी खुद्द मुख्यमंत्र्यांना यावे लागले. या दोन्ही घटना वृत्तपत्रांत गाजल्या, त्या त्यांच्या रंगांमुळे. ज्या दिवशी पावसाला रंग नसतो आणि रस्ताही काळाच असतो, त्या दिवशी हवेत आणि नाल्यात काय सोडले जाते, ही त्या वस्तीची खरी बातमी होय. ती विचित्र नसल्यामुळे छापली जात नाही.

दुसरे उदाहरण घरांचे आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदणी मिळवून डोंबिवली परिसरात ६५ इमारती उभ्या राहिल्याचे प्रकरण सर्वश्रुत आहे. एका वास्तुविशारदाने न्यायालयाचे दार ठोठावले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घर घेतलेली हजारो माणसे आयुष्याची पुंजी आणि डोक्यावरचे कर्ज घेऊन उभ्या असलेल्या भिंतींकडे पाहत राहिली. त्यांनी कागदपत्रे पाहिली नव्हती असे नाही. त्यांच्यापुढे ठेवलेली कागदपत्रे खोटी होती, आणि ती ताडून पाहण्याजोगी खरी यादी त्यांच्या रस्त्यावर कुठेही लावलेली नव्हती. महापालिकेने गेल्या महिन्यात या प्रभागात कोणकोणत्या भूखंडांवर, कोणाला, किती मजल्यांची परवानगी दिली, एवढा एक कागद दरमहा चौकात लागला असता, तर पासष्ट इमारतींचे हे कुभांड पहिल्या पाच इमारतींच्या पलीकडे जाऊ शकले नसते. कारण पाया खणला जात असताना समोरच्या दुकानदाराला तो दिसत असतो, आणि यादीत तो भूखंड नाही हे त्याला वाचता आले असते.

धोकादायक इमारतींचेही तसेच. पावसाळ्यापूर्वी महापालिका अशा इमारतींची यादी दरवर्षी तयार करते. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत जुनी इमारत कोसळून माणसे दगावली, तेव्हापासून या यादीचे महत्त्व कोणाला वेगळे सांगण्याची गरज राहिलेली नाही. परंतु ज्या इमारतीचे नाव यादीत आहे तिच्यातील भाडेकरूला, तिच्या तळमजल्यावरील शिंप्याला, तिच्या सावलीत बसणाऱ्या भाजीवालीला ती यादी वाचायला मिळते काय? नोटीस मालकाला जाते. भिंत मात्र मालकावरच पडेल असे नाही.

सभा हरवलेले शहर

वार्ता केवळ फलकाने होत नाही. ती विचारण्याची आणि सांगण्याची एक जागा असावी लागते. खेड्याला अशी जागा राज्यघटनेने दिली आहे. तिचे नाव ग्रामसभा. वर्षातून ठराविक वेळा ती भरविणे बंधनकारक आहे. ग्रामसभा अनेकदा कशा उरकल्या जातात हे सर्वांना माहीत आहे. तरीही सरपंचाला तोंडावर हिशेब विचारण्याचा हक्क तेथे प्रत्येक मतदाराला आहे.

डोंबिवलीच्या परिसरातील २७ गावांची कथा या संदर्भात बोलकी आहे. १९८३ मध्ये ती महापालिकेत घेतली गेली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा सामील केली गेली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वेगळी काढण्याचा घाट घातला गेला; तो उच्च न्यायालयात टिकला नाही. या गावांना नागरी सुविधा किती मिळाल्या हा वादाचा विषय आहे. परंतु प्रत्येक वेळी शहरात येताना त्यांनी एक गोष्ट निश्चित गमावली: आपली ग्रामसभा. ज्याला काल चावडीवर उभे राहून प्रश्न विचारता येत होता, तो आज शहरवासी झाला आणि त्याचा प्रश्न अर्जावर गेला. याच भागातील निवासी विभागाचे रस्ते दुरुस्त कोणी करायचे, महापालिकेने की औद्योगिक विकास महामंडळाने, याचा वाद कित्येक वर्षे रेंगाळला. अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. दोन्ही कचेऱ्यांचे अधिकारी एका सभेत एकाच वेळी लोकांसमोर बसले असते, तर हा वाद इतका लांबता ना.

शहरांसाठी तरतुदी नाहीत असेही नाही. १ जून १९९३ रोजी अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभा’ ही कल्पना स्वीकारली. नगरसेवकाने आपल्या क्षेत्रातील मतदारांची सभा ठराविक काळाने बोलवावी, असा तिचा आशय. प्रत्यक्षात क्षेत्रसभा अपवादानेच भरतात, आणि बहुसंख्य मतदारांना हा शब्दही अपरिचित आहे. एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडण्याच्या पद्धतीने यात आणखी घोळ घातला आहे. सभा बोलवायची कोणी, या प्रश्नावर चौघांनी एकमेकांकडे पाहिले की प्रश्न मिटतो.

आणि सभा बोलवायला लोकप्रतिनिधीच नसतील तर? कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. पुढे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतरची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे या शहराच्या बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील सुमारे सतरा वर्षे प्रशासकाच्या अंमलाखाली गेली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबारा लाख वस्तीचे हे शहर. एवढ्या लोकांच्या पाण्याचे, कचऱ्याचे आणि रस्त्यांचे निर्णय इतकी वर्षे बंद दालनांत झाले. प्रशासक कार्यक्षम नसतात असे नाही. परंतु सभागृह नसले की सभेतील वादविवाद नाही, वादविवाद नाही म्हणून बातमी नाही, आणि बातमी नाही म्हणून लोकांचा रेटाही नाही, ही साखळी अटळ आहे. नव्याने निवडून आलेल्या सभागृहाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्याने किती कोटींची कामे केली हे पुढील निवडणुकीत सांगितले जाईलच. त्याने किती क्षेत्रसभा घेतल्या, हे आतापासून मोजले पाहिजे.

उत्सवाच्या अंगी असलेले बळ

या साऱ्या विवेचनाचा रोख उत्सवांवर आहे असा समज कोणी करून घेऊ नये. स्वागतयात्रेला नाके मुरडणारा एक वर्ग आहे. त्याची बाजू घेण्याचे येथे कारण नाही. दिवसा रिकाम्या होणाऱ्या गावात माणसांनी वर्षातून एकदा एकमेकांचे चेहरे उजेडात पाहावेत, हीदेखील लहान गोष्ट नाही. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक जेथे राहिले, त्या गावाच्या सांस्कृतिक आस्थेवर शंका घेण्याचेही कारण नाही. किंबहुना आशा ठेवायची तर ती याच आस्थेवर.

कारण उत्सवाच्या मागे जी यंत्रणा उभी असते, ती पाहण्यासारखी असते. हजारो माणसे, शेकडो संस्था, पथकांच्या जागा, रुग्णवाहिका, पिण्याचे पाणी, पोलिसांची परवानगी, मार्गावरील स्वच्छता हे सारे बिनपगारी माणसे ठरल्या वेळी पार पाडतात. २५ मार्च २०२० रोजी पाडवा होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. त्या वर्षी यात्रा निघाली नाही. त्या दिवशी लोकांना हवी होती ती वार्ता: कोणते दुकान उघडे आहे, औषध कोण आणून देईल, एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे कोणी फिरकले आहे काय. आणि ठिकठिकाणी ही वार्ता गोळा करून घरोघर पोहोचविण्याच्या कामाला लागले, ते उत्सवात राबणारे कार्यकर्तेच. संघटना तीच, माणसे तीच. फक्त प्रसंगाने त्यांना वेगळे काम दिले. जे संकटात जमले ते एरवी का जमू नये?

त्यासाठी करावयाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. प्रत्येक प्रभाग कार्यालयाबाहेर, रेल्वेस्थानकाच्या पुलाच्या दोन्ही तोंडांशी आणि तयार असतील त्या वाचनालयांच्या दारात एकेक वार्ताफलक असावा. त्यावर दरमहा चार गोष्टी, तारखेसह आणि अधिकाऱ्याच्या सहीसह लागाव्यात: प्रभागातील चालू कामे, त्यांचे कंत्राटदार, रक्कम व मुदत, दिलेल्या बांधकाम परवानग्या, धोकादायक इमारतींची अद्ययावत यादी, आणि जेथे कारखाने जवळ आहेत तेथे त्यांतील धोक्यांची व आपत्तीच्या वेळी करावयाच्या उपायांची सोप्या मराठीतील माहिती. यांपैकी बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानेच सार्वजनिक कार्यालयांवर घातले आहे. मागितल्यावर देण्याची पाळी हे कलम पाळले जात नसल्यामुळे येते.

दुसरे, क्षेत्रसभा रविवारी अथवा रात्री साडेआठनंतर भराव्यात आणि त्यांच्या वर्षभराच्या तारखा आधी जाहीर व्हाव्यात. सकाळी अकराला कामाच्या दिवशी बोलाविलेली सभा ही उपनगरात न बोलाविल्यासारखीच असते. तिसरे, आपापल्या वार्षिक कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्या संस्थांनी व्याख्यानमालेच्या आणि कोजागिरीच्या तारखांबरोबर या सभांच्याही तारखा छापाव्यात. त्यासाठी त्यांना राजकारणात उतरावे लागत नाही. यात्रेत सामाजिक विषयांवरचे चित्ररथ असतातच. ‘आमच्या प्रभागातील अपुरी कामे’ हा विषय एखाद्या वर्षी चित्ररथावर आला, तर नववर्षाचे स्वागत काही कमी मंगल होणार नाही.

चौथी गोष्ट वृत्तपत्रांची आहे. उपनगरांसाठी निघणाऱ्या पुरवण्यांत समारंभांच्या छायाचित्रांना जागा असते. दीपप्रज्वलन कोणी केले आणि आभार कोणी मानले हे त्यांत निष्ठेने येते. त्याच जागेचा चौथा हिस्सा प्रभागातील कामांच्या नियमित वृत्तांताला मिळाला, तर वाचक दुरावणार नाही. आपल्या गल्लीचे नाव छापलेले दिसले की वाचक थांबतो, हा प्रत्येक संपादकाचा अनुभव आहे.

फलक वाचतो कोण, अशी शंका घेतली जाईल. सगळे वाचत नाहीत हे खरे. पण एका इमारतीतला एक निवृत्त शिक्षक वाचतो, आणि त्याच्याकडून चाळीस बिऱ्हाडांना कळते. अशा माहितीने घबराट पसरेल, अशी दुसरी शंका अधिकारी वर्गाकडून येते. घबराट पसरते ती माहिती नसल्यामुळे. २३ मेच्या दुपारी लोक घाबरले ते त्यांना फार कळत होते म्हणून नव्हे. कोणत्या धुरापासून किती दूर जायचे हे ठाऊक असलेला माणूस जिन्यावर चेंगराचेंगरी करीत नाही.

वस्ती आणि समाज यांत फरक आहे. इमारती उभ्या राहिल्या, नळ आले, गाड्या धावू लागल्या की वस्ती होते. समाज व्हायला वेळ लागतो, आणि शेजारी काय चालले आहे याची दखल घेण्याची सवय लागावी लागते. चौथ्या मजल्यावरचे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, समोरच्या भूखंडावर रात्री काम चालते, नाल्याच्या पाण्याला आज उग्र वास आहे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी जेथे बोलल्या जातात, लिहिल्या जातात आणि योग्य त्या माणसाला विचारल्या जातात, तेथे मोठ्या दुर्घटनांना आधीच पायबंद बसण्याची शक्यता असते. येत्या पाडव्यालाही डोंबिवलीचे रस्ते माणसांनी फुलून जातील. त्या गर्दीत महापालिकेचे नवे नगरसेवकही चालत असतील. आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी आहे, एवढाच एक प्रश्न शुभेच्छा देताना प्रत्येकाने त्यांना विचारावा. उत्तराची तारीख मात्र वहीत लिहून ठेवावी.